आडवं होण्याची तयारी: मुंबई–दोहा–न्यूयॉर्क, बिझनेस क्लासने

लेकीने तिकीट पाठवलं तेव्हा खाली एकच ओळ लिहिली होती: बाबांचा गुडघा नवा आहे, त्याला चौदा तास दुमडून आणायचं नाही. त्याआधी आम्ही पुण्याहून न्यू जर्सीला सहा वेळा गेलो होतो. सहाही वेळा इकॉनॉमीतून, तहानलाडू-भूकलाडू बांधून, एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून. बिझनेसच्या पहिल्या खेपेला मात्र आम्ही दोघांनी माती खाल्ली. एवढे पैसे मोजलेत तर काही वाया जायला नको म्हणून पुढ्यात आलेला प्रत्येक पदार्थ खाल्ला, तीन सिनेमे बघितले, पलंग झालेल्या सीटचे फोटो काढले आणि त्या पलंगावर जेमतेम दीड तास झोपलो. उतरलो ते नेहमीसारखेच आंबलेले. जास्तीचे पैसे पाठ सपाट टेकायला मोजलेले असतात, बाकी सगळं वर घातलेलं, हे कळायला एक फेरी खर्ची पडली. दुसऱ्या खेपेची तयारी त्या हिशोबाने केली, तीच इथे क्रमाने लिहिते.

पहिलं काम तिकीट काढायच्या आधीचं, ते म्हणजे विमान कोणतं आहे ते बघणं. ‘बिझनेस क्लास’ ही पाटी सगळीकडे सारखी, आतला मामला विमानागणिक वेगळा. कतार एअरवेजची क्यूस्वीट, म्हणजे दार लावता येणारी खोलीवजा सीट, २०१७ साली आली, पण ती त्यांच्या सगळ्या विमानांत नाही. ए३८० मध्ये नाही, ७८७-८ मध्येही नाही. एमिरेट्सच्या जुन्या ७७७ मध्ये बिझनेसच्या रांगा २-३-२ अशा असतात, म्हणजे एवढं भाडं भरून कोणीतरी मधल्या सीटवर अडकतंच. एअर इंडियाच्या ए३५० मध्ये १-२-१ आणि दार आहे. तिकिटावर विमानाचं मॉडेल लिहिलेलं असतं, ते घेऊन एरोलोपा नावाच्या साइटवर सीटचा नकाशा उघडा. १-२-१ असेल तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. २-२-२ असेल तर खिडकीवाल्याला मध्यरात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. साठीनंतर ही बाब किती महत्त्वाची ते वेगळं सांगायला नको. दोन टप्प्यांचा प्रवास असेल तर दोन्ही टप्पे तपासा. अमेरिकेत उतरून पुढे आणखी एक विमान असेल तर तो तुकडा बिझनेसचा आहे की इकॉनॉमीचा, तेही बघा. भाड्यांची तुलना करताना करासहित आकडाच धरा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो, आधी तो १२ होता.

सीट निवडणं हे तिकिटाच्या दिवशीच उरकायचं. पॅन्ट्री आणि टॉयलेटलगतची रांग नको. तिथे रात्रभर ट्रॉलीचे खटके, पडद्यांची सळसळ आणि कोणाच्या तरी गप्पा चालतात. अगदी पुढच्या रांगेत पाय ठेवायची पोकळी बहुधा मोठी असते, पण तान्ह्या बाळांचे पाळणेही बऱ्याच विमानांत तिथेच लागतात. क्यूस्वीटमध्ये काही सीट उलट्या दिशेला तोंड करून आहेत. खिडकीला चिकटून असलेल्या ए आणि के या तशाच. लोकलमध्ये उलटं बसून ज्यांना मळमळतं त्यांनी बी किंवा जे घ्यावी. जोडप्याने मधल्या ई-एफ घेतल्या तर मधला पडदा खाली करून मोठा पलंग होतो. आमच्या ह्यांच्या घोरण्यामुळे मी मागच्या खेपेला तो पडदा वरच ठेवला. विमान ऐनवेळी बदललं तर निवडलेली सीट निमूटपणे बदलते, कोणी कळवत नाही. परतीच्या एका प्रवासात आम्हाला असंच एकमेकांपासून चार रांगा लांब बसवलं होतं. म्हणून आठवडाभर आधी एकदा आणि दोन दिवस आधी पुन्हा एकदा बुकिंग उघडून बघा.

त्याच बैठकीत जेवण नोंदवा. साधारण २४ तास आधीपर्यंतच ते स्वीकारतात. इथे एक सापळा आहे. यादीत ‘हिंदू मील’ दिसलं की आपल्याकडची शाकाहारी माणसं डोळे मिटून त्यावर टिचकी मारतात आणि पुढ्यात कोंबडी येते. हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं, पण बहुतेक वेळा मांसाहारीच. शाकाहारींनी ‘एशियन व्हेजिटेरियन’ निवडावं, कांदा-लसूण आणि कंदमुळं वर्ज्य असणाऱ्यांनी ‘जैन’, आणि मधुमेह असेल तर ‘डायबेटिक’. मात्र उंचीवर चव बोथट होते, मीठ आणि गोड दोन्ही जिभेला कमी जाणवतं. त्यामुळे जेवण अळणी वाटलं तर सगळा दोष स्वयंपाक्याचा नसतो. लिंबाच्या लोणच्याची एक छोटी पुडी माझ्या पर्समध्ये असतेच.

आता सामान. या मार्गावर बिझनेसला माणशी ३२ किलोच्या दोन बॅगा मिळतात. दोघांच्या मिळून १२८ किलो. हा आकडा ऐकताच माझ्या जावेने लेकीसाठी पितळी परात काढली होती. मिळतंय म्हणून भरू नका. ३२ किलोची बॅग पट्ट्यावरून उतरवायला तिकडे हमाल नसतो, आणि नवा गुडघा तर अजिबात कामाचा नाही. प्रत्येकी २३ पुरेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नका. खोबरं त्यातल्या तेलामुळे आपसूक तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोकादायक माल गणलं जातं. लोणचं आणि तूप खालच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत पातळ वस्तू १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही, आणि बिझनेसच्या बोर्डिंग पासमुळे तुपाची बरणी काही सुटत नाही. कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांची कीड त्यावरून पसरते. ताजी फळं आणि बी-बियाणंही घरीच राहू द्या. जो खाऊ न्याल तो विचारल्यावर सांगून टाका. लपवला तर दंड होतो. आणि वाटेत दोहाऐवजी दुबईला दोन दिवस थांबणार असाल तर अनारसे घरीच ठेवा, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेला पदार्थ आहे.

हातातल्या बॅगेवर मात्र एक अख्खी संध्याकाळ खर्च करा. औषधं सगळी इथेच, मूळ पाकिटांसकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं कंपनीचं नाव नव्हे तर घटकाचं नाव लिहून घ्या. आखातात कोडीन, ट्रामाडॉल अशा वेदनाशामकांचे नियम कडक आहेत. ऑपरेशननंतरच्या गोळ्या चालू असतील तर हे आधी तपासलेलं बरं. पॉवर बँक खालच्या बॅगेत कधीच नाही, वर आणि तीही १०० वॉट-तासांच्या आतली, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. काही कंपन्या ती विमानात वापरूही देत नाहीत. तशी गरजही पडत नाही, सीटपाशीच प्लग असतो. याशिवाय एक बदलायचा जोड, ढगळ सुती कपडे, व्हॅसलीन, नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, चष्म्याची आणि कवळीची डबी. पायजम्याचा जोड काही कंपन्या देतात, काही देत नाहीत, आणि दिला तरी आपल्या मापाचा मिळेलच असं नाही. गुडघ्यापर्यंतचे घट्ट दाबमोजे डॉक्टरांना विचारून घ्या. बूट बिनानाडीचे, कारण पाय सुजतात आणि उतरताना नाड्या बांधायला वाकणं ही शिक्षा असते. माकडटोपीवरून मुलं हसतील. हसू देत, विमानात पहाटे कडाक्याचं गार होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. बिझनेसचा पास दाखवून सुरक्षेची आणि चेक-इनची रांग आखूड होते, व्हिसाचे नियम बदलत नाहीत. युरोपातून जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी बघा. इमिग्रेशनसाठी गृह मंत्रालयाची एफटीआय-टीटीपी ही मोफत नोंदणी मुंबईत जानेवारी २०२५ पासून चालू आहे. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे विमानतळावर, नंतर थेट ई-गेट. व्हीलचेअर हवी असेल तर ती बिझनेसलाही वेगळी सांगावी लागते, निदान ४८ तास आधी. कमीपणा वाटून घेऊ नका. दोहाचा विमानतळ चालून बघितला की पटेल.

पुण्याहून निघणाऱ्यांनी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटासाठी दोन तास हाताशी ठेवावेत. तिकिटावर मुंबईचा जुना विमानतळ आहे की नवी मुंबईचा, हे ड्रायव्हरला फोनवर नाही, लेखी कळवा. आमचं विमान पहाटे चारचं. पहिल्या खेपेला आम्ही घरून पोटभर जेवून निघालो, मग लाउंजमध्ये फुकटचं म्हणून पुन्हा जेवलो, आणि विमानात तिसऱ्यांदा. आता घरी फक्त मऊ भात-मेतकूट, आणि लाउंजमध्ये रात्रीचं जेवण. दोहापर्यंतच्या चार तासांच्या टप्प्यात काहीही मागवायचं नाही. बसल्याबसल्या हवाई सुंदरीला सांगायचं, उठवू नका. दोन-अडीच तासांची डुलकी मिळते. दोहात अल मुर्जान लाउंजला अंघोळीची सोय आहे. गरम पाण्याची अंघोळ करून ढगळ कपडे तिथेच घाला. पुढे अमेरिकेच्या विमानासाठी वेगळी तपासणी होते, तेव्हा बोर्डिंगची वेळ पाळायची ती छापलेल्या वेळेच्या बरीच आधी.

आणि आता ते चौदा तास. दोहाहून विमान सकाळी आठच्या सुमारास सुटतं, बाहेर लख्ख ऊन असतं, त्यामुळे आपण दिवस उजाडला म्हणून नाश्त्याला बसतो. पण त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून विमान वर स्थिरावलं की खिडकी बंद, घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेला, सीट आडवी, गादी घालून मागायची, डोळ्यांवर पट्टी. कतार एअरवेजमध्ये जेवण हवं तेव्हा मागवता येतं, ही सोय त्यासाठीच वापरायची: आधी सहा तास झोप, मग नाश्ता. अंगावरच्या दुलईच्या वरून पट्टा लावा. विमान हलायला लागलं की पट्टा दिसला नाही तर तुम्हाला उठवणारच. उठवलंच तर त्यांच्यावर रागावू नका, नियम आहे. मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट हलवून शोधू नका. सीटच्या यंत्रात चिरडला तर बॅटरी पेटते. बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलवा, त्यांना ते काढता येतं.

आडवं झालो म्हणजे शरीराला कळत नाही असं नाही. केबिनमधली हवा नव्या ७८७ आणि ए३५० मध्येही साधारण ६,००० फुटांवरच्यासारखी असते, जुन्या विमानांत ८,००० फुटांपर्यंत. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागी, वाळवंटाइतक्या कोरड्या हवेत आपण चौदा तास काढतो. एक पेला शॅम्पेनचा मोह असेल तर जरूर घ्या, पण तिच्यासोबत दोन पेले पाणी. दर जागेपणी घोटे फिरवा, वाटेतून दोन फेऱ्या मारा; पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका सपाट पलंगावरही संपत नाही. आमचे हे दर दोन तासांनी गजर लावून पॅन्ट्रीपर्यंत चालत जायचे आणि दर वेळी एक चॉकलेट घेऊन यायचे, व्यायामाचा तो हिशोब त्यांचा त्यांनाच ठाऊक.

उतरायच्या तासभर आधी कपडे बदला, दाबमोजे तसेच ठेवा, खाली उतरल्यावर गाडीतही दोन तास बसायचंय. मग सीटचे सगळे कप्पे उघडून हात घालून बघा. इकॉनॉमीत एकच खिसा असतो. इथे चार-पाच कोनाडे असतात, आणि झोपेत माणूस कुठे काय ठेवतो सांगता येत नाही. चार्जर, पासपोर्ट, गोळ्यांची डबी, चष्मा. पहिल्या खेपेला ह्यांचा चष्मा तिथेच राहिला आणि न्यू जर्सीतला पहिला आठवडा त्यांनी माझ्या गुलाबी काड्यांच्या चष्म्याने पेपर वाचला.