टीवायनंतर काय? आधी कामाचा एक दिवस समजून घ्या

टीवाय, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, केमिस्ट्रीच्या वर्गात ‘पुढे काय?’ असं विचारलं की दोनच उत्तरं येतात. ‘एमएस्सी करीन मॅडम’, नाहीतर ‘एमपीएससी देईन मॅडम’. यातली एक पदवी आणि दुसरी परीक्षा. रोज उठून करायचं काम कुठलं, हे दोन्हीकडे गुलदस्त्यातच राहतं. मी चिपळूणच्या बाजूला शिकवते, म्हणून उदाहरणं इथलीच देते. बाकी विषयवाल्यांनी आपापली घालून घ्यावीत.

सुरुवात यादीने करा. आपल्या विषयातून जिथे जिथे जाता येईल ती सगळी कामं वहीत उतरवा. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांतलं क्यूसी (मालाच्या गुणवत्तेची तपासणी), प्रॉडक्शन, आर अँड डी (संशोधन) सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रयोगशाळा चिपळुणातच आहे, गुन्ह्यातले नमुने तपासणारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा कलिन्याला आहे, विज्ञानाच्या पदवीवर पेटंट एजंटची परीक्षा देता येते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. लॅबच्या उपकरणांची विक्री आणि सर्व्हिसिंग, शाळा, बँक हेही लिहा. एवढ्यात काही खोडू नका.

मग त्या कामातली माणसं गाठा. माजी विद्यार्थ्यांचे नंबर हवे असतील तर प्राध्यापकांच्या आधी डिपार्टमेंटच्या लॅब असिस्टंटना विचारा. कोण कुठे चिकटला, कोणी सोडलं, ही खबर त्यांच्याइतकी कोणाकडेच नसते. मेसेज साधा ठेवा: ‘नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजात टीवाय केमिस्ट्रीला आहे. तुमच्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं होतं. नोकरी मागत नाहीये. रविवारी फोन केला तर चालेल का?’ ते ‘नोकरी मागत नाहीये’ गाळू नका, त्याने समोरचा मोकळेपणी बोलतो.

फोनवर ‘स्कोप आहे का?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याला ‘आहे ना, मेहनत पाहिजे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा, ‘काल कंपनीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय काय केलंत?’

क्यूसीतली ताई मग साधारण असं सांगेल. प्लांटवरून सॅम्पलची बाटली येते. चार दशांशाच्या काट्यावर वजन करायचं, काट्याची काचेची दारं लावून, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलतो. एचपीएलसीसाठी (सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारं द्रावण, बनवायचा, गाळायचा, मशीनवर सॅम्पलचा सीक्वेन्स लावायचा. ते चालू असताना दुसऱ्या बॅचचं टायट्रेशन. प्रत्येक आकडा त्याच क्षणी लॉगबुकात, खाडाखोड न करता. चुकलाच तर एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. मधे प्रॉडक्शनचा फोन, ‘रिझल्ट आला का?’ आणि रिझल्ट मर्यादेबाहेर गेला की घरी जायची वेळ विसरायची, कारण कुठे काय बिनसलं ते शोधून लिहून द्यावं लागतं.

हे ऐकताना स्वतःकडे लक्ष द्या. काहींना या नेटकेपणात मजा वाटते, काहींना ऐकूनच जांभई येते. दोन्ही माहितीच आहे, आणि प्रॅक्टिकलच्या तासाला तुमचं जर्नल कसं असतं त्यावरून मला तरी याचा आधीच अंदाज असतो! पुढचे प्रश्न रोखठोक: शिफ्ट कशा असतात, मुलींना कुठल्या मिळतात, रात्री कंपनीची बस आहे का, पाच वर्षांनी पगार किती होतो, बरोबरचे कोण सोडून गेले आणि का.

ऐकून झालं की हात घालून बघा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आता अभ्यासक्रमातच आलंय. काकांच्या मेडिकलमधून सही-शिक्का आणून क्रेडिट मिळतीलही, पण खऱ्या लॅबमध्ये उभं राहण्याची फुकट संधी जाईल. शिकवायचं मनात असेल तर वाडीतली आठवी-नववीची मुलं घ्या आणि महिनाभर अपूर्णांक शिकवा. तेच गणित पाचव्यांदा समजावताना आवाज चढतो का, ते कळेल. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएस्सीनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, तेव्हा तेवढी वर्षं धरून चाला.

स्पर्धा परीक्षेचंही तसंच. पुण्यात खोली बघण्याआधी राज्यसेवा पूर्वपरीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. रविवारी सकाळी घड्याळ लावून सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न दोन तासांत सोडवा, चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापून. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणून दुसऱ्या रविवारी शेतीवर किंवा पंचायत राजवर चार पानं लिहूनही बघा. लिहावंसं वाटलं तर पुढे जा. गेलात तर किती प्रयत्न आणि कुठल्या वर्षापर्यंत, ते आजच लिहून घरच्यांना दाखवा. यूपीएससीला दरवर्षी लाखोंनी अर्ज येतात आणि २०२३ च्या परीक्षेतून १०१६ जणांची शिफारस झाली. हा आकडा भीती घालायला सांगत नाही. मधली वर्षं काय करायचं हे आधी ठरवावं म्हणून सांगते.

घरच्यांशी बोलताना ‘मला अमुक आवडतं’ एवढ्यावर भागत नाही. बाबांना खर्च कळतो. फी, खोलीभाडं, मेस, पहिला पगार कधी, असा हिशेब मांडून बसा. एका वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप हाही मधला रस्ता आहे: विद्यावेतन मिळतं आणि काम जवळून दिसतं. त्यासाठी केंद्र सरकारच्या एनएटीएस पोर्टलवर नोंदणी करा.

आता तारखा. आयआयटीतून एमएस्सी करायची तर जॅम ही परीक्षा फेब्रुवारीत असते, पण अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे असतात. आमच्याकडे मुलं चौकशीला जानेवारीत येतात. आणि आरक्षणातून अर्ज भरणार असाल तर नॉन-क्रीमिलेअर दाखल्याची मुदत आजच बघा. केंद्राच्या परीक्षांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. गणपतीत सगळं कोकण सुट्टीवर असतं, तेव्हा सेतू केंद्रात अर्ज त्याच्या आधी टाका.