पिकअपच्या लाइटचा फ्यूज सारखा उडतोय? शॉर्ट शोधताना या चुका टाळा

पार्किंगचा स्विच ओढला आणि टेल लाइट, नंबर प्लेटचा दिवा, डॅशबोर्डवरच्या मीटरचा उजेड असं सगळं एकदम गेलं, तर फ्यूज उडालाय हे कोणालाही कळतं. गोंधळ सुरू होतो तो त्यानंतर. नवा फ्यूज लावायचा, तो उडाला की आणखी एक, मग स्विच बदलायचा, मग रिले, आणि शेवटी ब्लेड घेऊन वायरिंग ठिकठिकाणी सोलायचं. शॉर्ट सापडत नाहीच, चांगल्या हार्नेसला (वायरींच्या एकत्र गुंडाळीला) मात्र वीस जखमा होतात.

हात लावण्याआधी साधा हिशेब करा. पुढचे पार्किंगचे दोन बल्ब ५ वॅटचे, मागचे दोन ५ वॅटचे, नंबर प्लेटचा ५ किंवा १०, शिवाय मीटरचे छोटे दिवे. सगळं मिळून ३५ वॅटच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम ३ अँपिअर. १० अँपिअरचा लाल फ्यूज एवढ्या लोडवर उडत नाही. उडतोय याचा अर्थ प्लसची वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय, म्हणजेच शॉर्ट आहे, नाहीतर कोणीतरी त्या लाइनवर जास्तीचं काही जोडलंय. उडालेला फ्यूज फेकू नका, उजेडात धरून बघा. आतली पट्टी मधोमध वितळून तुटलीय आणि प्लॅस्टिक स्वच्छ आहे, तर बहुधा ओव्हरलोड. आत काळं पडलंय, धातूचे शिंतोडे उडालेत, तर थेट शॉर्ट.

फ्यूज मोठा करणं

याहून वाईट चूक या कामात नाही. १० चा उडतो म्हणून २० चा पिवळा, तो उडतो म्हणून ३० चा हिरवा, आणि तोही नसला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार.

फ्यूज बसवलेला असतो वायरसाठी. टेल लाइटची वायर साधारण पाऊण चौरस मिलिमीटरची असते. तिच्यातून ४० अँपिअर वाहिले तर अर्ध्या मिनिटाच्या आत तिचं इन्सुलेशन मऊ पडतं. आणि ३० चा फ्यूज ४० अँपिअरला लगेच उडेल असं अजिबात नाही, तो काही मिनिटंही तग धरू शकतो. तेवढ्या वेळात वायर जळते, फ्यूज शाबूत राहतो.

लासलगावहून कांदा भरून वाशीच्या बाजारात जाणाऱ्या एका पिकअपचं असंच झालं. गाडी रिकामी असली की सगळं ठीक, भरली की पहिल्या मोठ्या खड्ड्यात पार्किंगचा फ्यूज गेलाच. गॅरेजमध्ये गाडी यायची ती रिकामी, त्यामुळे तिथे काहीच दिसायचं नाही. लाइटचा स्विच बदलून झाला, रिले बदलून झाला, मागचे दोन्ही होल्डर बदलून झाले. चालकाने कंटाळून आधी २० चा, मग ३० चा फ्यूज लावला. पुढच्याच खेपेला कसारा घाटात रात्री डॅशबोर्डमागून धूर निघाला. पार्किंगची वायर फ्यूजबॉक्सपासून मागपर्यंत तापली होती आणि त्याच टेपच्या गुंडाळीतल्या ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स आणि डिझेलच्या काट्याच्या वायरी तिच्याबरोबर वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. घाटात मागून अवजड ट्रक येत असताना गाडीला मागचा एकही दिवा नाही, अशी वेळ आली.

मूळ दोष काय होता? चेसिसवरची एक क्लिप तुटली होती. तिथे हार्नेस खाली सरकून हौद्याचा आडवा चॅनल आणि चेसिस यांच्या मधे अडकलं होतं. माल भरला की हौदा बसायचा आणि नखाएवढ्या सोललेल्या जागेवर चॅनल टेकायचा. अर्ध्या तासाचं आणि एका क्लिपचं काम होतं, त्यासाठी अख्खं हार्नेस बदलावं लागलं.

म्हणून फ्यूज कधी उडतो, हा प्रश्न चालकाला आधी विचारा आणि उत्तर नीट ऐका. फक्त ब्रेक दाबल्यावर उडत असेल तर पार्किंगची लाइन उकलत बसू नका. फक्त रिव्हर्स टाकल्यावर उडत असेल तर गिअरबॉक्सवरच्या स्विचची वायर सायलेन्सरला टेकलीय का बघा. भरल्यावर उडत असेल तर हौदा आणि चेसिसच्या मधे, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ शोधा. खड्ड्यात उडत असेल तर केबिन आणि हौद्याच्या मधला भाग बघा, तिथे केबिन आणि चेसिस वेगवेगळं हलतं आणि वायर घासते. स्विच ओढताक्षणी उडत असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण कायमचा शॉर्ट शोधायला सर्वात सोपा.

बल्ब न काढता मल्टिमीटरचा बझर लावणं

नव्याने शिकणारे बहुतेक सगळे इथे फसतात. फ्यूज काढला, मल्टिमीटर बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप वाजतो) टाकला, एक टोक लाइनला, एक बॉडीला. बीप वाजला, "सापडला शॉर्ट!" सापडलेलं काहीच नसतं. बल्बची फिलामेंट थंड असताना तिचा रेझिस्टन्स पेटलेल्या बल्बच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच असतो. ५ वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे २९ ओहम, थंड असताना तीनच्या आसपास. असे पाच-सहा बल्ब पॅरलल आले की अर्धा ओहम उरतो आणि बझर वाजणारच. निरोगी लाइनसुद्धा मीटरला शॉर्ट दिसते.

त्यामुळे त्या फ्यूजवरचा प्रत्येक बल्ब आधी काढा. पुढचे, मागचे, नंबर प्लेटचा, आणि हौद्याला नंतर लावलेले साइडचे दिवेही. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या मागचा कपलर (वायरींचा प्लग) ओढा. एलईडी टेल लाइट असेल तर तिचाही कपलर काढा.

आणि मग मल्टिमीटर बाजूला ठेवून बल्ब वापरा. घरच्या वायरमनचा सिरीज बोर्ड असतो ना, तीच युक्ती. उडालेल्या फ्यूजचं वरचं प्लॅस्टिक फोडा, त्याच्या दोन पायांना मीटरभर लांबीच्या दोन वायरी सोल्डर करा आणि टोकाला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसह लावा. हा फ्यूज मूळ खाचेत बसवा आणि पार्किंग चालू करा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, नसेल तर पेटणार नाही. शॉर्ट कितीही थेट असला तरी लाइनमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, त्यामुळे वायर तापत नाही आणि तुम्ही दोन तास निवांत शोधू शकता. खाचेत जाड थिंबल किंवा टेस्टरची पिन कोंबू नका. आतली पकड फाकते, मग खरा फ्यूज सैल बसतो, तापतो आणि बॉक्स वितळतो.

आता कपलर काढून लाइन निम्मी-निम्मी वेगळी करत जा. केबिनमागचा चेसिस हार्नेसचा कपलर काढा. बल्ब विझला तर दोष मागे, पेटलेलाच राहिला तर पुढे. मागे असेल तर डाव्या आणि उजव्या टेल लाइटचे कपलर एकेक करून काढा. शेवटी जो तुकडा उरेल तो हाताने वीत-वीतभर हलवत जा. जिथे बल्ब लुकलुकतो तिथे थांबा. टेप उघडायची ती तिथेच, त्याआधी नाही. भरल्यावरच उडणारा शॉर्ट असेल तर हौद्यात वजन टाकूनच हे करा.

आणखी काही चुका, थोडक्यात

खात्रीसाठी म्हणून फ्यूजमागून फ्यूज उडवणं. प्रत्येक ठिणगीत टेकलेल्या जागेचं थोडं तांबं जळून जातं, शॉर्ट तात्पुरता लपतो आणि गाडी रस्त्यावर गेल्यावर परत येतो.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, त्याला शॉर्ट म्हणणं. फ्यूज उडत नसेल तर आधी अर्थ (दिव्याची बॉडीला जोडलेली मायनस वायर) तपासा. दिवा चालू ठेवून होल्डरचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यात ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थचा बोल्ट काढून घासा.

डबल फिलामेंटच्या होल्डरमध्ये सिंगल बल्ब दाबून बसवणं. २१/५ वॅटच्या बल्बच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, उलटा बसू नये म्हणून. बसत नसेल तर बल्ब चुकीचा आहे, जोर लावू नका.

मडफ्लॅप, रेडियमची पट्टी किंवा नावाची पाटी लावताना मागे न बघता स्क्रू मारणं. अशा गाडीत शॉर्ट शोधायचा तर नव्या स्क्रूपासूनच सुरुवात करा.

हौद्याला पाइपची फ्रेम वेल्ड करताना हार्नेस बाजूला न घेणं. वायर आतून मऊ होते आणि फ्यूज महिन्याभराने उडतो, तोवर वेल्डिंग कोणाच्या लक्षात राहत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीचा मायनस काढा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या जवळच लावा.

टेप गुंडाळून काम संपवणं

वायरींना पीळ मारून वर काळी टेप, हा जोड पिकअपच्या खाली एक पावसाळासुद्धा काढत नाही. उष्णतेने टेपचा डिंक वितळतो, चिखलाचं पाणी आत जातं, तांबं हिरवं पडतं. मायनस काढा, खराब तुकडा कापा, त्याच जाडीची वायर घ्या, सोल्डर करा किंवा नीट क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा) आणि आत गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. वर नालीदार पाइप घाला. पत्र्याच्या भोकातून वायर जात असेल तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच. दर वीतभर अंतरावर क्लिप मारा, सायलेन्सरपासून चार बोटं तरी लांब ठेवा, आणि केबिन व हौद्याच्या मधे वायर थोडी सैल सोडा म्हणजे ती ताणली जाणार नाही.

मग सगळे बल्ब बसवण्याआधी सिरीज बल्ब पुन्हा एकदा लावून बघा. विझलेला राहिला की १० चाच फ्यूज घाला, गाडी भरा, पार्किंग चालू ठेवून कच्च्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फिरवून आणा आणि त्यानंतरच ती मालकाच्या ताब्यात द्या.