कॉलेजच्या गेटच्या आतली वेठबिगारी कशी ओळखायची आणि कशी थांबवायची

वेठबिगारी म्हटलं की आपल्याला वीटभट्टी आठवते, भिवंडी-शहापूरकडची, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल (आगाऊ पैसे) घेऊन तिथं जातात आणि पाऊस सुरू होईपर्यंत राबूनही ती उचल फिटत नाही. खरंय ते. पण मी नेरूळच्या एका कॉलेजात ॲडमिन आणि परचेसचं काम बघतो आणि मला हे उशिरा कळलं की तेच चक्र आपल्या कॉरिडॉरमध्येही चालू असू शकतं.

झालं असं की आमच्या हाउसकीपिंग ठेकेदाराचे कागद एकदम चोख होते, पगार बँकेत, दर महिन्याला स्टेटमेंट जोडलेलं. एकदा दहा तारखेला एक मावशी औषधाला दोनशे रुपये मागायला आल्या. म्हटलं मावशी, पगार परवाच झाला ना? तर म्हणाल्या, "कार्ड सुपरवायझर सायबाकडं असतंय, ते काढून देतील तेवढंच." जाऊन बघितलं तर ड्रॉवरमध्ये बारा जणींची एटीएम कार्डं रबर लावून ठेवलेली, प्रत्येकाला पिनची चिठ्ठी चिकटवलेली. कामाला लागताना खोलीच्या डिपॉझिटसाठी दिलेली उचल तो वळती करत होता, आणि फिटल्याशिवाय काम सोडायचं नाही अशी अट. दोन वर्षं ती बिलं माझ्या सहीनं पास झाली होती. ही गोष्ट मला अजून टोचते, म्हणून हे सगळं लिहितोय.

तर सुरुवात कुठून करायची? टेंडरपासून. आपल्याकडे सगळ्यात कमी रेटवाल्याला काम द्यायची सवय आहे आणि माझ्या मते रोगाचं मूळ तिथंच आहे. टेंडर काढायच्या आधी स्वतः हिशोब मांडा. सरकारचं किमान वेतन घ्या, त्यात विशेष भत्ता मिळवा (तो जानेवारी आणि जुलैत बदलतो, जुना धरू नका), मग मालकाच्या हिश्शाचा पीएफ १२ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के आणि सुट्टीच्या दिवशी बदली माणसाचा खर्च. आता एका माणसामागं जो आकडा येतो त्याच्या खाली कुणी रेट भरला असेल तर तो फरक तो कामगाराच्याच खिशातून काढणार, दुसरीकडून कुठून काढणार? असं टेंडर बादच करा. १९८२ मध्ये एशियाडच्या (दिल्लीच्या आशियाई खेळांच्या) बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा घटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरीच आहे.

मग दर महिन्याला बिल आलं की नुसतं स्टेटमेंट बघू नका. पीएफच्या वेबसाइटवर ठेकेदाराच्या फर्मचं नाव टाकलं की चलन (पीएफ भरल्याची पावती) आणि त्यातली नावं दिसतात, ती आपल्या मस्टरशी जुळवा. अर्धा तास लागतो. गेटवर तीस जणांची हजेरी आणि चलनात अठरा नावं असली तर बिल थांबवा.

पण कागदावर कार्ड कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही, त्यासाठी माणसांशी बोलावंच लागतं आणि तेही सुपरवायझर आसपास नसताना, ऑफिसात समोर बसवून नाही तर चहाच्या वेळेला. आधार कुणाकडे आहे, एटीएम कुणाकडे आहे, उचल किती घेतली आणि किती फिटली, गावाला जायचं म्हटलं तर जाऊ देतात का, कुणी आणलं कामावर, एवढंच विचारा. बांधकाम चालू असेल तर पत्र्याच्या खोल्यांपर्यंत जा, तिथं पोटठेकेदाराचा मुकादम असतो आणि माणसं बऱ्याचदा झारखंड, ओडिशा, बंगालची असतात, त्यांची भाषा येणारा कुणीतरी बरोबर न्या. आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही, सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, मशीन मागवा.

गेटबाहेरचा माल सगळाच तपासणं जमत नाही, ते मान्य करून जिथं धोका जास्त तिथं बघा. विटा कुठल्या भट्टीवरून येतात ते बिल्डरकडून लेखी घ्या आणि सीझनमध्ये एकदा जाऊन या. लॅबचे रबरी हातमोजे घेताना कंपनी विचारा, २०२० मध्ये अमेरिकेनं सक्तीच्या मजुरीच्या कारणानं मलेशियाच्या हातमोज्यांची काही आयात रोखली होती. ब्रिटनमध्ये ३.६ कोटी पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या संस्थांना २०१५ च्या कायद्यानं दरवर्षी सक्तीच्या मजुरीबद्दल निवेदन द्यावं लागतं, विद्यापीठंही देतात, तेव्हा तिकडच्या विद्यापीठाशी टायअप असेल तर त्यांची प्रश्नावली मागून घ्या, आयती मिळते.

आता काही सापडलंच तर घाईघाईनं ठेका रद्द करू नका, ठेकेदार रातोरात माणसं दुसऱ्या साइटवर नेतो आणि त्यांचे पैसे बुडतात. आधी बिल अडवा आणि त्यातून थकलेला पगार थेट कामगारांच्या हातात द्या, ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देणं ही कायद्यानं कॉलेजचीच जबाबदारी आहे. आम्ही बँकेचा माणूस कॅम्पसवर बोलावला, जुनी कार्डं बंद केली, नवीन कार्डं मावशींनी स्वतः सही करून घेतली. उचलीचं काय, असं त्या घाबरून विचारत होत्या. त्यांना स्पष्ट सांगा की १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असलं कर्ज रद्दच होतं, एक रुपया द्यायचा नाही.

मग लेखी तक्रार. मूल कामावर दिसलं तर लगेच १०९८ ला (चाइल्डलाइनला) फोन. मोठ्यांसाठी तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी, आणि मुक्तता प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सोडवल्याचा दाखला) मागाच, कारण केंद्राच्या योजनेतली १ ते ३ लाखांची पुनर्वसनाची मदत त्यावर अवलंबून असते. अर्ज कसा लिहायचा हे जमत नसेल तर श्रमजीवी संघटनेच्या लोकांना गाठा, ठाणे-पालघर पट्ट्यात ते कित्येक वर्षं हेच करतायत. एक लक्षात ठेवा, नेरूळ, वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात पण खारघर, कळंबोली, तळोजा पनवेल तालुक्यात म्हणजे रायगडमध्ये, तिथला अर्ज पनवेल किंवा अलिबागला द्यायचा, चुकीच्या ऑफिसात दिला तर तो टेबलावरून टेबलावर फिरत राहतो आणि तेवढ्या दिवसांत ठेकेदार माणसं हलवून मोकळा होतो.