होडीत बायोडिझेल भरताय? या चुका टाळा

घाण्यावरून आणलेलं उंडीच्या किंवा करंजाच्या बियांचं तेल गाळून थेट टाकीत ओतणं, ही सर्वात महागात पडणारी चूक. इंजिन सुरू होतं, म्हणून फसायला होतं. हे तेल डिझेलच्या जवळपास दहापट दाट असतं. इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलमधून त्याची बारीक फवारणी होत नाही, थेंब अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडाशी कार्बन चढतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि धूर डिझेलपेक्षा काळा होतो. बायोडिझेल म्हणजे मिथेनॉलशी प्रक्रिया होऊन ग्लिसरीन सुटलेलं तेल; काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतो तो त्यानेच. उंडीच्या तेलात मुक्त आम्लं भरपूर असतात. प्रक्रियेसाठी त्यात सरळ कॉस्टिक सोडा घातला तर साबणच तयार होतो. आधी आम्ल घालून प्रक्रियेची एक फेरी करावीच लागते.

विकत घेतलेलं इंधनही तपासा. 27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली बायोडिझेल घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. तळाला तेलाचा थर दिसला तर प्रक्रिया अपुरी आहे. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, त्यामुळे हातमोजे घाला, जवळ विस्तव नको.

बायोडिझेल बनवणारे मात्र खाडीचं जास्त नुकसान करतात. 100 लिटर तेलामागे साधारण 10 लिटर ग्लिसरीन निघतं, शिवाय धुण्याचं साबणमिश्रित पाणी. ‘झाडाचंच आहे, कुजून जाईल’ म्हणून ते खाडीत सोडलं जातं. कुजतं हे खरं, पण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं, आणि ओहोटीच्या उथळ पाण्यात तिसऱ्या, कालवं अशा शिंपल्यांना पळून जाता येत नाही. ग्लिसरीनमधलं मिथेनॉल काढून घ्या, मग ते साबणवाल्याला द्या. धुण्याचं पाणी प्रक्रिया केल्याशिवाय गटारातही नको. होडीच्या तळाशी साचलेल्या तेलकट पाण्यालाही हाच नियम. बायोडिझेलचा तवंगसुद्धा पक्ष्यांच्या पिसांना चिकटतो.

1 जून ते 31 जुलै पावसाळी मासेमारीबंदीमुळे होडी किनाऱ्यावर असते. अर्ध्या टाकीत बायोडिझेल ठेवलंत तर ते दमट हवेतलं पाणी ओढतं, तळाशी जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. बंदीआधी टाकी साध्या डिझेलने काठोकाठ भरा आणि पाइपांत तेच पोहोचेपर्यंत इंजिन चालवा. उरलेलं बायोडिझेल तांब्या-पितळेच्या भांड्यात नको, सहा महिन्यांपलीकडेही नको.

सुरुवात डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेल मिसळून करा. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि फिल्टर भर समुद्रात तुंबतो. दोन जादा फिल्टर जवळ असू द्या. साध्या रबराचे पाइप फुगतात, तिथे व्हायटॉनचे (इंधनाने न फुगणाऱ्या रबराचे) बसवा.

शुद्ध बायोडिझेलवर जोर थोडा कमी वाटतो, कारण लिटरमागे ऊर्जा सुमारे 8 टक्के कमी. ती भरून काढायला पंपाचं टायमिंग (इंधन फवारण्याची वेळ) पुढे, म्हणजे लवकर, घेऊ नका. बायोडिझेलने नायट्रोजन ऑक्साइड आधीच किंचित वाढतात, टायमिंग पुढे गेलं की ते आणखी वाढतात.