ओगॅनेसनबद्दल लिहिताना या चुका टाळा

आवर्तसारणीच्या उजव्या टोकाला, रेडॉनच्या खालच्या घरात ११८ अणुअंकाचं ओगॅनेसन बसलंय. त्याच्याबद्दलच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच: वरच्या मजल्यावरच्यांचे गुण याला डोळे झाकून चिकटवणं.

‘निष्क्रिय वायू’ हे त्यातलं पहिलं. गण १८, म्हणजे निष्क्रिय वायूंचाच उभा स्तंभ, मग हाही वायूच असणार! पण इतक्या जड केंद्रकाजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेगाने धावतात, आणि त्याचे परिणाम थेट बाहेरच्या कवचापर्यंत पोचतात. २०२० च्या एका गणनेनुसार ओगॅनेसनचा द्रवणांक ५२ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. म्हणजे नेहमीच्या तापमानाला ते घन असावं, आणि रेडॉनपेक्षा जास्त क्रियाशीलही. यातला ‘असावं’ मात्र खाऊ नका. हाती लागलेले अणू बोटांवर मोजण्याइतके. त्यांचा द्रवणांक कोण मोजणार? घनतेचा आकडा कुठे छापलेला दिसला तर तोही कागदावरच्या गणिताचा.

२९४ ला ‘सरासरी अणुवस्तुमान’ म्हणणं ही दुसरी चूक. बेरीज करून बघा. रशियातल्या दुब्ना इथे कॅलिफोर्नियम-२४९ वर कॅल्शियम-४८ चा मारा केला. प्रोटॉन ९८ अधिक २०, झाले ११८. वस्तुमानांक २४९ अधिक ४८, म्हणजे २९७. त्यातून तीन न्यूट्रॉन निसटले, उरले २९४. हा एकाच समस्थानिकाचा (ठरावीक न्यूट्रॉनसंख्येच्या अणूचा) आकडा आहे, म्हणून तर सारणीत तो कंसात असतो.

सालांचा घोळ तर ठरलेलाच. प्रयोग २००२ चा, निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, मान्यता डिसेंबर २०१५ मध्ये मिळाली आणि अणुभौतिकशास्त्रज्ञ युरी ओगॅनेसियन यांच्यावरून नाव पक्कं झालं २०१६ मध्ये. ‘२०१६ साली शोध लागला’ असं लिहू नका. १९९९ तर नकोच. त्या साली अमेरिकेतल्या बर्कले इथल्या प्रयोगशाळेने शोधाचा दावा केला होता, पण तो पुढे मागे घेतला गेला. ‘अनअनऑक्टियम’ हे तात्पुरतं नाव होतं, ते आता सोडा.

अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) सुमारे ०.७ मिलिसेकंद, म्हणून ‘१.४ मिलिसेकंदांत सगळं संपतं’ असाही हिशेब मांडलेला दिसतो. तेवढ्या वेळानंतर सरासरी पाव भाग उरतो. आणि इथे तर एका वेळी एकच अणू. तो लगेच फुटेल किंवा चार-पाच मिलिसेकंदही तग धरेल. तो होता हे कळतं ते त्याच्या वंशजांवरून: अल्फा कण (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) टाकून लिव्हरमोरियम-२९०, पुन्हा एक टाकून फ्लेरोव्हियम-२८६, आणि अखेर केंद्रकाचे दोन तुकडे. कण टिपणाऱ्या उपकरणात (डिटेक्टरमध्ये) एकाच जागी, ओळीने उमटलेल्या या खुणा म्हणजेच ओगॅनेसनचं ‘दर्शन’.