ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा: अर्जाआधी स्पॉन्सरशिपचा मसुदा कसा तपासावा

ब्रिटनमध्ये कुशल नोकरीसाठी जाणाऱ्यांना मिळणारा बहुतेक सल्ला भलत्याच गोष्टींवर भर देतो. बँकेच्या स्टेटमेंटवर शिक्का कुठे हवा, कागदपत्रे कोणत्या क्रमाने लावावीत, यावर तासन्‌तास चर्चा होते. पण व्हिसाचा निकाल ज्या नोंदीवर प्रामुख्याने लागतो, ती उमेदवार भरत नाही, त्याला नोकरी देणारी कंपनी भरते आणि ती भरून झाल्यावरच बहुतेकांच्या नजरेस पडते. ही नोंद म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, बोलण्यात सीओएस. ती गृहखात्याच्या, म्हणजे होम ऑफिसच्या, ऑनलाइन प्रणालीत तयार होते आणि तुमच्या हाती तिचा क्रमांक येतो. वर्षानुवर्षे अनेकांचे अर्ज वाचल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे: सीओएसचा मसुदा वाचल्याशिवाय अर्जाचे एक पौंडही शुल्क भरू नये.

पासपोर्ट, पदवी, अनुभवाची पत्रे आणि कंपनीचे लेखी ऑफर लेटर तुमच्याकडे आहे, असे धरून पुढचे लिहिते.

सर्वप्रथम कंपनीकडे परदेशी माणसाला नोकरीसाठी आणण्याचा, म्हणजे स्पॉन्सर होण्याचा, परवाना आहे का, ते स्वतः पाहा. परवानाधारक स्पॉन्सरांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असते. तीत कंपनीचे नाव सापडले एवढ्यावर समाधान मानू नका. नावापुढे ‘स्किल्ड वर्कर’ हाच मार्ग नमूद आहे आणि मानांकन ‘ए’ आहे, या दोन्ही गोष्टी तपासा, कारण ‘बी’ मानांकनावर घसरलेली कंपनी नव्या माणसाला सीओएस देऊ शकत नाही.

नंतर काम आणि पगार पात्र आहेत का, ते पाहा. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने येणाऱ्यांसाठी काम पदवीच्या पातळीचे असावे लागते. त्याखालची मोजकीच कामे ठरावीक याद्यांवर ठेवलेली आहेत. केअर वर्करची परदेशातून होणारी भरती त्याच दिवसापासून बंद झाली आहे, त्यामुळे त्या कामासाठी आजही सीओएस मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाशी दुसरे वाक्यही बोलू नका. पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा त्याच तारखेपासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. त्याशिवाय प्रत्येक कामासाठी गृहखात्याने ठरवलेला पगाराचा दर असतो आणि या दोहोंपैकी जी रक्कम जास्त असेल, ती तुमच्या पगाराने गाठावी लागते. २६ वर्षांखालील उमेदवार, कामाशी संबंधित विषयात पीएच.डी. केलेले आणि राष्ट्रीय वेतनश्रेणीत येणारे आरोग्य व शिक्षण क्षेत्रांतील कर्मचारी यांच्यासाठी सवलतीचे नियम आहेत.

आता खऱ्या अडचणीच्या टप्प्याकडे येते. हा टप्पा मला स्वतःला समजायला बराच काळ लागला, कारण त्याबद्दल कोणी धड सांगत नाही. कंपनीच्या एचआर विभागाला विनंती करा की, सीओएस तुमच्या नावे निश्चित करण्याआधी त्यात भरलेली सर्व माहिती तुम्हाला पाठवावी. काही ठिकाणी ‘हे आमचे अंतर्गत काम आहे’ असे उत्तर मिळते. तरीही नम्रपणे, पण लेखी, पुन्हा विचारा. अर्ज नाकारला गेला तर नुकसान तुमचेही होते आणि कंपनीचेही, हे समजणारा एचआर अधिकारी मसुदा दाखवायला सहसा नकार देत नाही.

मसुद्यात सर्वांत आधी ऑक्युपेशन कोड पाहा. प्रत्येक कामाला चार अंकी कोड असतो आणि त्या कोडावरूनच तुमचा दर ठरतो. ४ एप्रिल २०२४ पासून या कोडांची नवी, म्हणजे २०२० ची, वर्गवारी लागू झाली. पण जुन्या वर्गवारीतले कोड अजूनही जुन्या सल्ल्यांमध्ये फिरत असतात. प्रोग्रॅमर आणि सॉफ्टवेअर विकसकांचा जुना कोड २१३६ होता, नवा २१३४ आहे. कोड निवडताना पदाच्या नावाकडे पाहूच नका. ‘मॅनेजर’ किंवा ‘कन्सल्टंट’ या शब्दांवरून काहीही सिद्ध होत नाही. त्या कोडाखाली दिलेल्या कामांचे वर्णन वाचा आणि तुम्ही रोज प्रत्यक्ष जे करणार आहात, त्याच्याशी ते ओळीओळीने ताडून पाहा. अधिक योग्य कोडाचा दर जास्त आहे किंवा तो पात्रच नाही, म्हणून स्पॉन्सरने दुसरा कोड निवडला, असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर गृहखात्याचा व्हिसा अधिकारी अर्ज नाकारू शकतो. त्यामुळे ‘स्वस्त कोड टाकू, कोण पाहतो’ असे सुचवणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही, हे ठामपणे सांगते.

कोडाखालोखाल कामाचे वर्णन महत्त्वाचे असते. सरकारी वर्णन जसेच्या तसे उतरवलेला मसुदा मला कधीच स्वीकारार्ह वाटला नाही. हे पद खरोखर अस्तित्वात आहे की केवळ व्हिसासाठी निर्माण केले आहे, हे अधिकारी तपासू शकतो. कंपनीला त्या माणसाची गरज का आहे आणि तुमच्याकडे त्यासाठी लागणारे कौशल्य व अनुभव आहे का, हेही तो विचारात घेतो. म्हणून वर्णनात तुमचा विभाग, तुम्ही वापरणार ती साधने, तुमची जबाबदारी आणि तुमचा वरिष्ठ कोणत्या पदावर आहे, हे साध्या शब्दांत आलेले असावे. तुमच्या अनुभवपत्रांतील मजकूर आणि हे वर्णन वाचून एकाच माणसाचे चित्र उभे राहिले पाहिजे.

तिसरी बाब पगार आणि कामाचे तास यांची. येथे सुशिक्षित माणसेही फसतात. सरकारने जाहीर केलेले दर आठवड्याला ३७.५ तासांच्या कामासाठी असतात. समजा, तुमच्या कोडाचा दर ४५,००० पौंड आहे आणि कंपनीने ४६,००० देऊ केले आहेत, तर सगळे ठीक दिसते. पण करारात आठवड्याचे तास ४० असतील, तर त्याच प्रमाणात दर वाढून ४८,००० होतो आणि तुमचा पगार २,००० पौंडांनी कमी पडतो. शिवाय मोजला जातो तो फक्त हमी असलेला, कर कापण्याआधीचा मूळ पगार. बोनस, ओव्हरटाइम, घरभाडे किंवा प्रवासभत्ता त्यात धरला जात नाही. ऑफर लेटरमध्ये ‘एकूण पॅकेज’ लिहिले असेल, तर मूळ पगाराचा आकडा वेगळा लिहून मागा आणि तोच आकडा, तेच तास सीओएसमध्ये आहेत याची खात्री करा.

सीओएसचा प्रकारही विचारून घ्या. ब्रिटनबाहेरून अर्ज करणाऱ्याला ‘डिफाइन्ड’ प्रकारचा सीओएस लागतो आणि तो कंपनीला गृहखात्याकडे प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्रपणे मागावा लागतो. ‘अनडिफाइन्ड’ हा साधारणपणे आधीपासून ब्रिटनमध्ये असलेल्यांसाठी असतो. नव्याने परवाना मिळालेल्या कंपन्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्ट समोर ठेवूनच तपासा. किरकोळ चूक राहिलीच, तर स्पॉन्सर त्याच्या प्रणालीतून टीप जोडून ती दुरुस्त करू शकतो. पण कोड किंवा सीओएसचा प्रकारच चुकला असेल, तर टिपेवर भागवू नका, नवा सीओएस मागा. त्यात काही आठवडे गेले तरी चालतील.

पैशांबाबत एकच, पण कठोर सूचना. इमिग्रेशन स्किल्स चार्ज नावाचे शुल्क कंपनीनेच भरायचे असते, ते तुमच्याकडून वसूल करता येत नाही. ३१ डिसेंबर २०२४ पासून स्किल्ड वर्करकडून सीओएसचे आणि स्पॉन्सर परवान्याचे शुल्कही वसूल करण्यास मनाई आहे. नोकरी लवकर सोडल्यास ‘स्पॉन्सरशिपचा सर्व खर्च’ परत करण्याची अट करारात घुसडलेली असते, तेव्हा त्या खर्चात ही शुल्के आहेत का, हे सही करण्याआधी विचारा. आणि सीओएससाठी कोणी रक्कम मागितली, मग तो एजंट असो वा कंपनीचा माणूस, तर तो व्यवहार तिथेच थांबवा. लाखो रुपये देऊन विकत घेतलेल्या सीओएसमागे बहुधा नोकरीच नसते, आणि कंपनीचा परवाना रद्द झाला की पैसे देणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

उरलेले टप्पे सोपे आहेत. इंग्रजीसाठी ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांना बी-२, म्हणजे मध्यमाहून वरची, पातळी लागते. परीक्षा देणार असाल, तर ती मान्यताप्राप्त यादीतील आणि व्हिसासाठीचीच असावी. इंग्रजी माध्यमातील पदवीवरही भागते, मात्र तिची एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून पडताळणी करून घ्यावी लागते. निर्वाहासाठी १,२७० पौंड खात्यात सलग २८ दिवस असावेत आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वीच्या ३१ दिवसांत यावा. ‘ए’ मानांकनाच्या स्पॉन्सरने सीओएसमध्ये निर्वाहाची हमी दिली, तर ही अट उरत नाही, म्हणून मसुदा तपासताना तो रकानाही पाहा. भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो. आरोग्य, शिक्षण आणि समाजसेवेतील अनेक पदांसाठी पोलीस दाखलाही लागतो. तो मिळायला वेळ लागतो, तेव्हा आधी मागवा.

सीओएस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जासोबत आरोग्य अधिभार, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे शुल्क, पूर्ण मुदतीसाठी एकरकमी भरावा लागतो. प्रौढांसाठी तो वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि सोबत येणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयाचा वेगळा. पाच वर्षांच्या व्हिसाला एकट्याचेच ५,१७५ पौंड होतात, त्यामुळे हा खर्च कंपनी उचलणार की तुम्ही, हे ऑफर स्वीकारतानाच ठरवून घ्या. बोटांचे ठसे दिल्यावर ब्रिटनबाहेरून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारणतः तीन आठवड्यांत येतो.

तिथे पोहोचल्यावर पहिली पगारपावती सीओएसशी ताडून पाहा. पगार किंवा काम त्यात लिहिल्याप्रमाणे नसेल, तर लगेच लेखी विचारा. कंपनी बदलायची असेल, तर नव्या स्पॉन्सरच्या सीओएसवर नवा अर्ज मंजूर होईपर्यंत नव्या कंपनीत काम सुरू करता येत नाही. नोकरी गेली, तर गृहखाते सहसा ६० दिवसांची मुदत देते. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधून अर्ज करावा लागतो, तेव्हा तुमच्या सीओएसची, कराराची आणि प्रत्येक पगारपावतीची प्रत पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवा.