हार्ट फेल्युअरमधल्या अँटीबॉडी: टेस्टच्या मागं लागण्याआधी काय करायचं

अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही, बीपी-शुगर नाही, तरी इकोत हार्ट मोठं झालंय आणि पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय, डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात, मग घरातले सगळे विचारतात हे झालं कशानं. कारणं बरीच असतात, त्यातलं एक म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती हृदयावर उलटते, कधी कधी व्हायरल इन्फेक्शन होऊन गेल्यावर, आणि हृदयाविरुद्धच अँटीबॉडी तयार करते.

यातली सगळ्यात जास्त अभ्यासलेली अँटीबॉडी बीटा-१ रिसेप्टरवर, म्हणजे हृदयाच्या पेशींवरच्या ॲड्रेनलिनच्या बटणावर, जाऊन बसते. तिथं ॲड्रेनलिन आलं की ठोके वाढतात, गेलं की शांत होतात, पण ही अँटीबॉडी म्हणजे बेलचं बटण दाबलेलंच अडकावं तसं, हृदय पळतच राहतं, पेशी मरतात, कप्पे ताणतात. जर्मनीत २००४ मध्ये उंदरांत अशा अँटीबॉडी तयार केल्या तर त्यांचं हार्ट मोठं झालं, आणि त्या काढून निरोगी उंदरांना दिल्या तर त्यांचंही झालं.

आता महत्त्वाचं बघा. मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल या गोळ्या तोच रिसेप्टर अडवून हृदयाला शांत ठेवतात, म्हणून थकवा वाटतोय म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, डोस ते ठरवतील. ही अँटीबॉडी टेस्ट रोजच्या तपासणीत नसते आणि रिपोर्ट आला तरी बहुतेकांची ट्रीटमेंट तीच राहते, त्यामुळं आधी त्यात पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. रक्तातून अँटीबॉडी गाळून काढायचा उपचारही आहे, पण तो अजून सरसकट कुठं देत नाहीत.

त्यापेक्षा ओपीडीत जाताना एका कागदावर लिहून न्या: घरात कुणाला थायरॉइड, संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे का, कमी वयात कुणाचं हार्ट मोठं झालं होतं का, पेशंटला आधी केमो किंवा कॅन्सरची इम्युनोथेरपी झालीय का. डॉक्टर विचारतीलच असं नाही, आपण सांगायचं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधनं डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणून देऊ नका, त्यानं पाणी साठतं.

घरी रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाष्ट्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर लगेच फोन करा. मीठ कमी म्हणजे आपल्याकडं लई अवघड, पण तांबडा रस्सा, खर्डा, लोणचं, पापड यांतलं मीठ मोजलंच पाहिजे, पेशंटची वाटी मीठ घालायच्या आधीच बाजूला काढा.

आडवं झोपल्यावर दम लागत असेल, ओठ निळे पडत असतील तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा.